व्हॉलीबॉल गावोगावी पोहोचला, मग अमेरिकन फुटबॉल कुठे अडला?

फेब्रुवारी २०२५ मध्ये झालेला 'सुपर बोल', म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, अमेरिकेत सरासरी १२ कोटी ७७ लाख लोकांनी पाहिला. तिथली लोकसंख्या साधारण ३४ कोटी. म्हणजे तान्ह्या बाळांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे मोजले तरी तिघांतला एक जण त्या रात्री एकच मॅच बघत होता.

भारतात तेव्हा सोमवारची पहाट होती. सुपर बोल आपल्या घड्याळानुसार पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतो. गोंदिया जिल्ह्यात फेब्रुवारीत उन्हाळी धानाच्या रोवणीची घाई असते. पाच वाजता जाग आलेली माणसं तिथे भरपूर सापडतील, पण सुपर बोलसाठी उठलेलं कुणी सापडणं कठीण.

यावर "अमेरिकेचा खेळ आहे, आपल्याकडे कसा चालणार?" असं सहज म्हटलं जातं. पण हे उत्तर टिकत नाही. कारण आमगाव, तिरोडा, देवरी, अर्जुनी मोरगाव, कुठेही जा. संध्याकाळी शाळेच्या पटांगणात दोन खांबांना जाळी बांधून पोरं जो व्हॉलीबॉल खेळतात, तोही अस्सल अमेरिकन खेळ आहे!

मग एक अमेरिकन खेळ खेड्यापाड्यांत पोहोचला आणि दुसऱ्याचे नियमही कुणाला माहीत नाहीत, असं का झालं?

एकाच भागातले तीन खेळ

अमेरिकेच्या ईशान्य भागात मॅसॅच्युसेट्स नावाचं राज्य आहे. १८९१ मध्ये तिथल्या स्प्रिंगफील्ड शहरात जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने बास्केटबॉल तयार केला. चार वर्षांनी, १८९५ मध्ये, जवळच्याच होल्योक गावात विल्यम मॉर्गन यांनी व्हॉलीबॉल शोधला. बास्केटबॉलची धावपळ ज्यांना झेपत नव्हती, अशा वयस्कर मंडळींसाठी त्यांना हलका खेळ हवा होता.

अमेरिकन फुटबॉल त्याआधीपासून त्याच परिसरातल्या कॉलेजांमध्ये खेळला जात होता. नेस्मिथ स्वतः स्प्रिंगफील्डच्या फुटबॉल संघातून खेळले होते. म्हणजे तिन्ही खेळ एकाच काळातले, एकाच भागातले. पुढे मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

नेस्मिथ आणि मॉर्गन दोघेही 'यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन', म्हणजे वायएमसीए या संस्थेत काम करत होते. या संस्थेच्या शाखा जगभर होत्या आणि तिचे शारीरिक शिक्षक जिथे जात तिथे हे दोन खेळ सोबत नेत. भारतातही तेच झालं. हॅरी क्रो बक या अमेरिकन शिक्षकाने १९२० मध्ये मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केलं. तिथे शिकून बाहेर पडलेले शिक्षक देशभरातल्या शाळांमध्ये गेले. पीटीच्या तासाला बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल आले ते अशा वाटेने.

व्हॉलीबॉलला लागतं काय? एक चेंडू, एक जाळी आणि थोडी सपाट जागा. धान निघालेल्या बांधीतही काम भागतं. शिवाय खेळ दहा मिनिटांत शिकून होतो. दोन-तीन पिढ्यांत तो इतका आपला झाला की तो बाहेरून आलाय हेच लोक विसरले.

फुटबॉल मात्र कॉलेजातच राहिला

अमेरिकन फुटबॉलचा पहिला आंतर-महाविद्यालयीन सामना १८६९ मध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टन या कॉलेजांमध्ये झाला, असं मानलं जातं. तेव्हा तो आजच्या फुटबॉल आणि रग्बीच्या मिश्रणासारखा होता. १८८०च्या दशकात येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्प यांनी त्याचे नियम बदलले आणि त्याला वेगळं रूप आलं.

खेळ इतका राकट होता की १९०५च्या मोसमात अनेक तरुण खेळाडू जिवाला मुकले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलवावं लागलं. पुढच्या वर्षी नियम सुधारले आणि चेंडू हाताने पुढे फेकायला परवानगी मिळाली.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की हा खेळ वाढला तो कॉलेजांच्या आपसातल्या चुरशीवर. गावचं हायस्कूल, मग कॉलेज, मग व्यावसायिक लीग अशी त्याची शिडी तयार झाली. आजही अमेरिकेतल्या लहान गावांत शुक्रवारी रात्री हायस्कूलची मॅच असते आणि गाव लोटतं. आपल्याकडे मंडईला किंवा रात्रीच्या कबड्डी सामन्यांना लोटतं, तसंच. तिथला प्रेक्षक टीव्हीसमोर बसून तयार झालेला नाही. त्याचा भाऊ, मुलगा, शेजारी तो खेळ खेळलेला असतो.

एनएफएल ही तिथली सगळ्यात मोठी लीग. तिने २०२१ मध्ये प्रक्षेपणाचे ११ वर्षांचे करार केले. त्यांची किंमत अंदाजे ११ हजार कोटी डॉलर होती. घरातच एवढा पैसा मिळत असल्यावर बाहेरच्या देशांत शाळाशाळांतून खेळ शिकवत फिरायची निकड तिला कित्येक वर्षं वाटली नाही.

नियम अवघड आहेत म्हणून?

या खेळाबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे "काही कळतच नाही". खरं तर मूळ नियम सोपा आहे. चेंडू ज्या संघाकडे आहे त्याला चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे जायचं असतं. दहा यार्ड म्हणजे नऊ मीटरहून थोडं जास्त, कबड्डीच्या मैदानाच्या रुंदीपेक्षा जरा कमी. तेवढं अंतर कापलं की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. जमलं नाही तर चेंडू समोरच्या संघाला. असं करत मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू नेला की 'टचडाउन', त्याचे सहा गुण.

बाकीचे नियम किचकट आहेत, पण क्रिकेटचे कुठे सोपे आहेत? पायचीत कधी द्यायचं, हे नवख्या माणसाला समजावून बघा. तरी आपल्याकडे आठवीतला मुलगा अंपायरशी वाद घालतो. कारण तो स्वतः गल्लीत खेळलेला असतो. नियम किचकट असले तरी खेळता खेळता ते अंगवळणी पडतात. फक्त बघून शिकायचे म्हटलं की जड जातात.

खऱ्या अडचणी इतर आहेत.

पहिली अडचण थांबण्याची. सामना ६० मिनिटांचा, पण प्रक्षेपण तीन तासांहून जास्त चालतं. 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने २०१० मध्ये मोजून पाहिलं, तेव्हा एका सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो वेळ जेमतेम ११ मिनिटं निघाला. ज्यांना डावपेच कळतात त्यांच्यासाठी मधला वेळही रंजक असतो. नव्या प्रेक्षकाला मात्र जाहिराती आणि घोळका करून उभे राहिलेले खेळाडू एवढंच दिसतं.

दुसरी अडचण घड्याळाची. रविवारचे पहिले सामने भारतात रात्री साडेदहा किंवा साडेअकराला सुरू होतात, त्यानंतरचे मध्यरात्र उलटल्यावर. दुसऱ्या दिवशी सोमवार असतो.

तिसरी अडचण साहित्याची. हेल्मेट, खांद्यांचे पॅड, दातांचं संरक्षक असं सगळं प्रत्येक खेळाडूला लागतं आणि वाढत्या वयाच्या मुलांना ते मापाने बदलावं लागतं. एका बाजूला ११ खेळाडू, वर राखीव वेगळे. ज्या शाळेत व्हॉलीबॉलची फाटकी जाळी गाठी मारून वापरली जाते, तिथे हा हिशेब पहिल्याच ओळीला थांबतो.

चौथी गोष्ट नावाची. जगाच्या बहुतेक भागात 'फुटबॉल' हे नाव आधीच दुसऱ्या खेळाने घेतलेलं आहे.

पुण्याने ट्रॉफी जिंकली होती, आठवतं?

या खेळाला भारतात आणायचा मोठा प्रयत्न झालेला आहे, आणि त्यात महाराष्ट्र पुढे होता. २०११ मध्ये 'एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया' जाहीर झाली. मागे बडी नावं होती. एनएफएलचे गाजलेले प्रशिक्षक माइक डिटका, माजी खेळाडू रॉन जॉवोर्स्की आणि कर्ट वॉर्नर, हॉलिवूडचा अभिनेता मार्क वॉलबर्ग. 'मुंबई ग्लॅडिएटर्स', 'दिल्ली डिफेंडर्स', 'कोलंबो लायन्स' असे संघ तयार झाले. २०१२च्या पहिल्या मोसमात 'पुणे मराठाज'ने अंतिम सामन्यात दिल्लीला ६-० ने हरवून विजेतेपद मिळवलं.

पण आज पुण्यातही तो विजय फारसा कुणाच्या लक्षात नाही. असं का?

खेळाडू मेहनती होते. रग्बीसारख्या दुसऱ्या खेळांमधून आलेल्या मुलांनी नवा खेळ थोड्या महिन्यांत आत्मसात केला. पण भर टीव्हीवर होता. ज्या शहराचं नाव संघाला दिलं होतं, तिथल्या लोकांना दर आठवड्याला मैदानावर जाऊन आपला संघ बघता येईल अशी घडी बसलीच नाही. खाली शाळा नव्हती, कॉलेज नव्हतं, तालुका स्पर्धा नव्हती. शिडीची सगळ्यात वरची पायरी आधी टांगली गेली आणि खालच्या पायऱ्या नव्हत्याच.

युरोपात अडला, जपानमध्ये रुजला

हेच युरोपातही झालं. एनएफएलने १९९१ मध्ये युरोपात संघ असलेली लीग सुरू केली. मध्ये दोन वर्षं ती बंद पडली, मग पुन्हा उभी राहिली आणि २००७ मध्ये कायमची बंद झाली. शेवटी सहापैकी पाच संघ जर्मनीतले उरले होते. जर्मनीत बंदिस्त लीगबाहेरही हौशी क्लब होते, लोक स्वतः खेळत होते. म्हणूनच तिथे रस टिकला आणि २०२२ मध्ये म्युनिकला एनएफएलचा अधिकृत सामना झाला.

जपानचं उदाहरण आणखी बोलकं आहे. टोकियोच्या विद्यापीठांमध्ये हा खेळ १९३४ पासून खेळला जातो. विद्यार्थी खेळले, पदवीनंतर कंपन्यांच्या संघांतून खेळत राहिले. त्यातूनच १९९९ आणि २००३ चे पहिले दोन विश्वचषक जपानने जिंकले. मेक्सिकोतही विद्यापीठांची जुनी चुरस आहे. २००५ मध्ये तिथे झालेल्या एनएफएल सामन्याला एक लाखाहून जास्त लोक आले होते.

म्हणजे हा खेळ अमेरिकेबाहेर रुजूच शकत नाही, असं नाही. जिथे तो विद्यार्थ्यांच्या हातात गेला तिथे रुजला. जिथे फक्त पडद्यावर दिसला तिथे विरला.

कबड्डीचं दुखणंही तेच

हा नियम उलटा लावून बघता येतो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकवेळी कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं. कबड्डीला तर चेंडूही लागत नाही. १९९० पासून ती आशियाई स्पर्धांमध्ये आहे. तरीही ऑलिंपिकमध्ये तिला अजून जागा नाही आणि अमेरिकेतल्या सामान्य शाळेत ती कुणी खेळत नाही.

खेळ स्वस्त असणं पुरेसं नसतं. त्याला तिथे नेऊन मुलांना शिकवणारं कुणी लागतं. इराणने कबड्डी अशी मनापासून शिकली आणि २०१८च्या आशियाई स्पर्धेत उपांत्य फेरीत भारतालाच हरवलं.

गोंदियाच्या मुलाचं गणित

सालेकसा किंवा सडक अर्जुनीच्या शाळेतली मुलगी एखादा खेळ निवडते तेव्हा आवडीबरोबर आणखी एक हिशेब असतो. तालुका, जिल्हा, मग नागपूर विभाग आणि राज्य, अशी स्पर्धांची वाट त्या खेळाला आहे का? ठरावीक पातळीपर्यंत खेळलं तर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. राज्य शासनाच्या नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी खेळ मान्यताप्राप्त हवा आणि प्रमाणपत्र वैध हवं. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉलला ही वाट आहे. शेतमजुराच्या घरातली मुलगी ज्या खेळाला चार-पाच वर्षं देणार, त्या खेळाने तिला काहीतरी परत द्यायला हवं. नव्या खेळाने नुसतं "बघा, किती भारी आहे" म्हणून भागत नाही.

आता दार उघडतंय, पण...

गंमत म्हणजे या खेळाचा ऑलिंपिक प्रवेश महाराष्ट्रातच ठरला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन भरलं होतं. त्यात २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी क्रिकेटबरोबर 'फ्लॅग फुटबॉल'लाही मंजुरी मिळाली. आपल्या बातम्यांमध्ये क्रिकेटच गाजलं, ते साहजिकच.

फ्लॅग फुटबॉल ही त्याच खेळाची सुटसुटीत आवृत्ती आहे. एका बाजूला पाच खेळाडू. हेल्मेट नाही, पॅड नाही, अंगावर झेपावून पाडणं नाही. कमरेच्या पट्ट्याला कापडी फ्लॅग लावलेले असतात. चेंडू घेऊन पळणाऱ्याचा फ्लॅग ओढला की तो प्रयत्न संपला. मुली आणि मुलं दोघांनाही सहज खेळता येतो आणि लहान मैदानात मावतो. व्हॉलीबॉलकडे सुरुवातीपासून जे होतं, ते या खेळाकडे दीडशे वर्षांनी आलंय.

आता उरतो तो शिक्षक. शंभर वर्षांपूर्वी मद्रासच्या कॉलेजातून शिकून निघालेल्यांनी व्हॉलीबॉल शाळांपर्यंत नेला. फ्लॅग फुटबॉलसाठी तसं कुणी गोंदियापर्यंत आलं, पीटीच्या सरांना शिकवून गेलं आणि पुढच्या वर्षी तालुक्याला स्पर्धा झाली, तर प्रेक्षक आपोआप तयार होतील. नाही झालं, तर २०२८ मध्येही आपण तो पंधरा दिवस मोबाईलवर बघू आणि विसरून जाऊ.