हृदयाची झडप, जंतू आणि कर्करोग

कर्करोग आणि हृद्रोग या दोन शब्दांची धास्ती कुणाला वाटत नाही? पण आपण सामान्य माणसे या दोघांची बिऱ्हाडे वेगवेगळी समजतो. एकाचे डॉक्टर वेगळे, दुसऱ्याचे वेगळे. इस्पितळातले मजलेही वेगळे. शरीर मात्र असे मजले मानीत नाही. त्यात रक्त एकच आहे आणि ते सगळीकडे फिरते. कर्करोग झालेल्या माणसाच्या हृदयाची झडप जंतूंनी पोखरली जाणे हा या एकाच रक्ताच्या फेऱ्याचा परिणाम आहे. आज आम्ही त्याविषयीच चार गोष्टी सांगणार आहोत.

प्रथम झडप म्हणजे काय ते पाहू. हृदयात अशा चार झडपा असतात. हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते, आणि तितक्याच वेळा या झडपा उघडतात व मिटतात. रक्ताने पुढे जावे, मागे फिरू नये, एवढेच त्यांचे काम. झडपेची पाळ अगदी पातळ असते; तिच्यात रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. चोवीस तास रक्तात बुडालेली ही पाळ आतून मात्र कोरडीच म्हणायची! हातापायाला जखम झाली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तेथे धावून जातात. झडपेच्या आत जायला त्यांना वाटच नसते. त्यामुळे तेथे जंतूंनी एकदा ठाणे मांडले की त्यांना हुसकणे फार कठीण.

सुदैवाने झडपेचे अस्तर गुळगुळीत असते आणि सहसा जंतू त्यावर टिकत नाहीत. पण अस्तर कोठे खरखरीत झाले, तर त्या जागी रक्तातल्या बिंबिका आणि तंतू यांचा बारीकसा थर साचतो. रक्तातून वाहत आलेले जंतू त्यात अडकतात, वाढतात, त्यावर आणखी थर चढतो, आणि झडपेवर फुलकोबीच्या तुऱ्यासारखे पुंजके दिसू लागतात. हे पुंजके झडप कुरतडतात आणि तिला भोके पाडतात. त्यांचे तुकडे सुटून मेंदूत गेले तर पक्षाघात होतो, मूत्रपिंडात किंवा प्लीहेत गेले तर तो भाग मरतो. सर विल्यम ऑस्लर यांनी १८८५ साली लंडनच्या रॉयल कॉलेजात या रोगावर तीन व्याख्याने दिली, तेव्हापासून वैद्यकाला त्याची नीट ओळख झाली. ओळख झाली, पण उपाय नव्हता. पेनिसिलिन येईपर्यंत या रोगातून वाचणारा रोगी अपवादच.

आता कर्करोगाचा संबंध कोठे येतो? आमच्या मते तो तीन वाटांनी येतो.

पहिली वाट उपचारांची. केमोथेरपीची औषधे जळजळीत असतात. हाताच्या बारीक शिरेला ती सोसत नाहीत. म्हणून एक नळी मोठ्या शिरेतून हृदयाच्या उंबरठ्यापर्यंत नेऊन ठेवतात. कुणाच्या दंडातून पिक लाइन निघते, कुणाच्या छातीच्या कातडीखाली केमोपोर्ट बसवतात. ही सोय मोठीच आहे; पण कातडीवरचे जंतू याच नळीच्या आधाराने आत शिरू शकतात. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा त्यांतला सर्वांत द्वाड. तो चांगल्या झडपेवरही हल्ला चढवतो. त्यातच औषधांनी पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात. दारही उघडे आणि पहारेकरीही गैरहजर, अशी ही स्थिती असते.

दुसरी वाट गाठीची. मोठ्या आतड्यात असंख्य जंतू सुखाने नांदत असतात. आतड्याचे अस्तर शाबूत असेतो ते तेथेच राहतात. त्या अस्तरात गाठ झाली की कुंपणाला भगदाड पडते आणि जंतू रक्तात उतरतात. १९५१ साली मॅकॉय आणि मेसन या अमेरिकन डॉक्टरांनी झडपेचा जंतुदोष आणि आतड्याचा कर्करोग एकाच रोग्यात असल्याची नोंद केली. तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. १९७७ साली क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रेप्टोकोकस बोव्हिस या जंतूचा मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी असलेला संबंध दाखवून दिला, तेव्हा वैद्यकाचे डोळे उघडले. या जंतूच्या ज्या प्रकाराशी हे नाते विशेष जडलेले आहे, त्याला आता स्ट्रेप्टोकोकस गॅलोलिटिकस म्हणतात. गाठीमुळे जंतूला वाट मिळते की जंतूही गाठीला खतपाणी घालतो, यावर विद्वानांचा वाद चालू आहे. पण व्यवहारातला नियम ठरून गेला आहे: झडपेवर हा जंतू सापडला की दुर्बिणीने मोठे आतडे तपासलेच पाहिजे. पोटाची काहीच तक्रार नसलेल्या माणसाची गाठ अशा तपासणीत लवकर सापडते आणि काढताही येते. अशा वेळी झडपेचा आजार हा कर्करोगाची आगाऊ वर्दी देणारा जासूदच ठरतो.

तिसरी वाट सर्वांत फसवी, कारण तिच्यावर जंतूच नसतात. काही कर्करोगांत, विशेषतः स्वादुपिंड आणि फुप्फुस यांच्या, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. फ्रान्सचे थोर वैद्य त्रूसो यांनी १८६५ साली कर्करोग आणि शिरेत गोठणारे रक्त यांचे नाते सांगितले. पुढे त्यांच्या स्वतःच्याच शिरेत रक्त गोठले आणि १८६७ साली जठराच्या कर्करोगाने ते गेले. असे रक्त झडपेवर गोठले की जंतूंविनाच पुंजके तयार होतात. दिसायला ते तसेच, तुकडे सुटून पक्षाघात करणारेही तसेच. उपचार मात्र अगदी निराळा. येथे हेपॅरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध आणि मूळ कर्करोगाचा इलाज लागतो. उलट जंतूंनी पोखरलेल्या झडपेच्या रोग्याला रक्त पातळ करणारे औषध दिले, तर मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते. निदान चुकले तर औषधच घात करील, असा हा प्रसंग आहे.

मग ओळखायचे कसे? येथे रक्ताच्या कल्चरला फार महत्त्व आहे. प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी वेगवेगळ्या जागांहून, शक्यतो तीनदा, रक्त घेऊन त्यातले जंतू वाढवून पाहतात. औषध आधी पोटात गेले, तर जंतू अर्धमेले होऊन कल्चरमध्ये उगवत नाहीत आणि चोर ओळखू येत नाही. त्याच्या जोडीला हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करतात. छातीवरून नीट दिसले नाही तर अन्ननलिकेतून नळी उतरवून झडप जवळून पाहतात.

निदान पक्के झाले की शिरेतून साधारणतः चार ते सहा आठवडे प्रतिजैविके द्यावी लागतात. दूषित नळी बहुधा काढावी लागते, केमोथेरपी काही काळ थांबवावी लागते, आणि झडप फारच बिघडली असेल तर शस्त्रक्रियेचा विचार येतो. कर्करोग आहे एवढ्याच कारणाने शस्त्रक्रिया नाकारणे योग्य नव्हे. रोग्याचे पुढचे आयुष्य किती आणि कसे असेल, हे कर्करोगाचे आणि हृदयाचे डॉक्टर यांनी एकत्र बसून, घरच्यांना विश्वासात घेऊन ठरवावे लागते.

हे सर्व डॉक्टरांचे काम झाले. आपल्या हाती काय आहे? पुष्कळ आहे. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला, तर 'औषधाचीच कडकी असेल' म्हणून घरी बसू नये. तासाभराचाही उशीर महाग पडतो. कपाटातली उरलेली प्रतिजैविके मनाने देऊ नयेत. इस्पितळ गाठावे आणि कल्चरसाठी रक्त घेतले का, हे नम्रपणे पण जरूर विचारावे. नळीला हात लावणाऱ्याने आधी हात धुतले की नाही, हे पाहण्यात संकोच कसला? उपचार सुरू होण्यापूर्वी दात दाखवून घ्यावेत, कारण किडके दात आणि सुजलेल्या हिरड्या हेही जंतूंचे दार आहे. लहानपणी सांधेतापाने झडप बिघडलेली माणसे आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत. त्यांनी, तसेच कृत्रिम झडप बसवलेल्यांनी, ही गोष्ट कर्करोगाच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावी.

रोग्याजवळ रात्री डॉक्टर नसतो, घरचे माणूस असते. थर्मामीटर त्याच्याच हातात असतो. पारा चढलेला पाहून त्याने वेळेवर उठावे, एवढ्यासाठीच आम्ही हा विषय आज तुमच्यापुढे मांडला.