आधी कोणती चाचणी?

शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतःच मोबाइल ॲपवर करायची ‘ई-पीक पाहणी’ १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर सुरू झाली. संग्रामपूर तालुक्यातला एखादा शेतकरी बांधावर उभा राहून कपाशीचा फोटो ॲपवर चढवतो, तेव्हा त्याच्या हातातला फोन कोणत्या कंपनीचा आणि किती जुना आहे, हे दूर शहरात बसून असं ॲप लिहिणाऱ्याला कुठून कळणार? तरी ते चाललंच पाहिजे. आज चाललं म्हणून उद्याच्या दुरुस्तीनंतरही चालेल, याची खात्री नसते.

म्हणून प्रोग्रामर आपल्या कोडबरोबर स्वयंचलित चाचण्याही लिहितात. गट क्रमांक रिकामा सोडला तर ॲप अडवतं का? नेटवर्क मध्येच गेलं तर भरलेली माहिती टिकते का? प्रत्येक प्रश्नाला एक छोटा प्रोग्राम. ॲप वाढतं तशा चाचण्या वाढतात आणि इथेच अडचण सुरू होते. समजा, ३,००० चाचण्या आहेत आणि एकीला दोन सेकंद लागतात. एकीमागून एक चालवल्या तर १०० मिनिटं गेली. तोवर प्रोग्रामर दुसऱ्या कामात शिरलेला असतो. चूक कळते, पण ती करताना डोक्यात काय होतं ते विसरलेलं असतं. खरं नुकसान हे आहे. यंत्राचा वेळ त्यामानाने स्वस्त.

त्याच चाचण्या २० यंत्रांवर वाटल्या तर पाचेक मिनिटांत उरकतात. या वाटणीवर मुंबईत एक मोठा उद्योग उभा राहिला. आयआयटी मुंबईत शिकलेल्या रितेश अरोरा आणि नकुल अग्रवाल यांना स्वतःची वेबसाइट निरनिराळ्या ब्राउझरांत तपासताना नाकी नऊ आले. त्यातून २०११मध्ये त्यांनी ब्राउझरस्टॅक सुरू केलं. कंपनीच्या डेटा सेंटरांत खरेखुरे फोन मांडलेले असतात. प्रोग्रामर इंटरनेटवरून त्यांतल्या अनेकांवर एकाच वेळी चाचण्या चालवतो. जुना, स्वस्त फोनही त्यात निवडता येतो. २०२१मध्ये कंपनीचं मूल्यांकन चार अब्ज डॉलरवर गेलं.

पण नुसती यंत्रं वाढवून भागत नाही. गूगलच्या अभियंत्यांनी २०१७च्या एका शोधनिबंधात रोजच्या सुमारे १५ कोटी चाचणी-फेऱ्यांचा आकडा दिला. एवढा पसारा असला की निवड करावीच लागते: बदललेल्या कोडशी ज्यांचा संबंध आहे त्या चाचण्या आधी, त्यांतही झटपट होणाऱ्या सर्वांत आधी. संपूर्ण संच रात्री चालवावा. तो कायमचा टाळणं मात्र धोक्याचं, कारण कोडमधले काही संबंध कुणाच्याच लक्षात आलेले नसतात.

बराच वेळ खातात त्या लहरी चाचण्या. कोड तोच, तरी आज पास, उद्या नापास. मग माणसं खऱ्या इशाऱ्याकडेही काणाडोळा करू लागतात. याचं एक नेहमीचं कारण म्हणजे चाचणीत लिहिलेलं ‘पाच सेकंद थांब’. पान लवकर उघडलं तर उरलेले सेकंद वाया जातात, उशिरा उघडलं तर चाचणी विनाकारण नापास होते. त्याऐवजी ‘बटण दिसेपर्यंत थांब, फार तर दहा सेकंद’ असं लिहिलं की वेळही वाचतो आणि निकालावर विश्वासही बसतो.