तिसऱ्या पिकाचा हिशेब

ओरिसातील कोमना भागातील गरिबांचे उत्पन्न वाढावे म्हणून सरकारने त्यांना गाई दिल्या. संकर शुद्ध राहावा यासाठी गावोगावचे खरियार जातीचे वळू खच्ची करण्यात आले. दोन वर्षे गेली, दोन कोटी रुपये खर्ची पडले. साऱ्या भागात जन्मली ती आठ संकरित वासरे. दूध तर वाढले नाहीच, उलट खरियार वळू मात्र त्या भागातून जवळजवळ नामशेष झाला. हिशेबाच्या वहीत दोन कोटींचा खर्च नोंदला गेला असेल. गेलेल्या वळूची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची?

हा प्रश्न पी. साईनाथ यांच्या १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी पुस्तकातून उभा राहतो. मराठीत ते ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ या नावाने आले. १९९३ पासून तमिळनाडू, बिहार, ओरिसा व मध्य प्रदेश येथील अतिदरिद्री जिल्ह्यांत राहून, हिंडून त्यांनी दैनिकासाठी लिहिलेली ही वार्तापत्रे. मराठी वाचकाला ही वाट अगदीच अनोळखी नाही. अनिल अवचटांचे पहिले पुस्तक ‘पूर्णिया’ (१९६९) बिहारमधील त्याच नावाच्या जिल्ह्याविषयीच होते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने दुष्काळावरील प्रकरणे अवश्य वाचावीत. कालाहांडीत सरासरी पाऊस बाराशे मिलिमीटरांहून अधिक, म्हणजे आपल्या सोलापूरच्या सुमारे दुप्पट. तरीही दुष्काळग्रस्त म्हणून नाव कालाहांडीचेच! तेव्हा टंचाई पावसाची की पाणी, जमीन व मजुरी यांच्या न्याय्य वाटपाची, हे तपासणे भाग पडते. पलामू भागात दुष्काळ-निवारणाला ‘तिसरे पीक’ म्हणतात. ते कापणारा शेतकरी नसतो, ठेकेदार असतो.

साईनाथांचा उपरोध क्वचित अति होतो, आणि उपाययोजनेची अपेक्षा धरणाऱ्याची थोडी निराशाही होईल. परंतु गोड्डा (तेव्हाचा बिहार, आताचे झारखंड) येथील कोळसावाल्यांवरील लेख वाचताना ही तक्रार मागे पडते. अडीचशे किलो कोळसा लादलेली सायकल हे लोक चालवीत नाहीत, ढकलतात. तीही चाळीस किलोमीटर आणि त्याहूनही दूर. ‘असंघटित क्षेत्र’ ही संज्ञा वर्गात शिकविली जाते, तिच्यात हा माणूस बसतो. त्या काळी त्याच्या हाती दिवसाला पडत जेमतेम दहा रुपये.