जलवायुमान संवेदनशीलता

वातावरणातील कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण दुप्पट होऊन महासागरांसह भूपृष्ठाने नवा समतोल गाठल्यावर जागतिक सरासरी तापमानात जी वाढ होते, तीस जलवायुमान संवेदनशीलता म्हणतात. प्रमाण दुप्पट होताच अवकाशात जाणारे अवरक्त प्रारण घटते व येणाऱ्या आणि जाणाऱ्या ऊर्जेत दर चौ. मी.मागे सु. ४ वॉट असमतोल उत्पन्न होतो. या असमतोलास प्रारणी भार म्हणता येईल. केवळ या भाराने तापमान सु. १·२° से. वाढले असते, परंतु उष्ण हवेत बाष्प अधिक मावते, बर्फाचे परावर्तक आच्छादन आकसते व मेघांचे स्वरूप पालटते. परिणामाने उलट कारणासच बळ देण्याच्या या क्रियेस (प्रतिसंभरणास) धरून वाढ ३° से.च्या आसपास जाते. जूल चार्नी यांच्या समितीने १९७९ मध्ये १·५° ते ४·५° से. अशी मर्यादा दिली होती; जलवायुमान बदलावरील आंतरशासकीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालात संभाव्य मर्यादा २·५° ते ४° से. अशी आहे.

ही संख्या प्रकाशाच्या वेगाप्रमाणे अचल मानणे मात्र चुकीचे होय. कार्बन डाय-ऑक्साइड दशलक्ष भागांत २८० वरून ५६० झाला काय किंवा ५६० वरून १,१२० झाला काय, भारात पडणारी भर जवळजवळ सारखीच असते. तापमानवाढ तशी असेलच असे नाही. उष्ण अवस्थेत बाष्पाचे प्रतिसंभरण प्रबळ होते व महासागरांवरील खालच्या थरातील मेघ विरळ होऊ शकतात. त्यामुळे अनेक संगणकीय प्रतिकृतींत दुसऱ्या दुपटीची वाढ पहिलीपेक्षा अधिक येते. उलट बर्फ संपल्यावर त्याचे प्रतिसंभरणही संपते.

प्रबळ भारांच्या दोन टोकांच्या खुणा पुणे जिल्ह्याच्या जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत आहेत. शिवनेरी, लेण्याद्री व भीमाशंकर यांचे डोंगर ज्या बेसाल्टाचे आहेत, तो दक्खनच्या लाव्ह्याचा असून त्याचे मुख्य उद्रेक सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी झाले. त्यांतून निघालेल्या कार्बन डाय-ऑक्साइडामुळे त्या काळी पृथ्वी काही अंशांनी तापली असावी, असे सागरी अवसादांवरून दिसते. हा भार दीर्घकाळ टिकल्याने महासागरांना समतोल गाठण्यास अवधी मिळाला. वायूचे एकूण प्रमाण अनिश्चित असल्याने यावरून मिळणारे मूल्य मात्र ढोबळच राहते. सु. ५·६ कोटी वर्षांपूर्वीच्या, सु. ५° से. तापमानवाढीच्या दुसऱ्या घटनेच्या काही अभ्यासांत संवेदनशीलता आजच्यापेक्षा अधिक आढळली आहे.

दुसरी खूण जुन्नर तालुक्यातील बोरी येथे कुकडी नदीकाठच्या गाळात आहे. तेथे अश्मयुगीन हत्यारांच्या सान्निध्यात ज्वालामुखी राखेचा थर आढळतो. ही राख सुमात्रातील टोबा ज्वालामुखीची मानली जाते, ती सु. ७४,००० वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाची की त्याहून कितीतरी जुन्या उद्रेकाची, हा वाद जुना आहे. महाउद्रेकातील गंधकयुक्त वायूंपासून स्थितांबरात सल्फेटाचे कण बनतात व ते सूर्यप्रकाश परावर्तित करतात. १९९१ मधील पिनाटूबोच्या उद्रेकाने जागतिक तापमान सु. ०·५° से. उतरले. त्याच्या शंभरपट गंधक धरून टोबासाठी केलेल्या एका गणितात मात्र घट सु. ३·५° से.च आली. कण एकमेकांस चिकटून मोठे होतात, लवकर खाली पडतात व वजनाच्या मानाने कमी प्रकाश परतवतात. म्हणजे भारच शंभरपट होत नाही. शिवाय तो थोडीच वर्षे टिकतो, तेवढ्यात खोल सागर निवतही नाही. तेव्हा अशा घटनेतील तापमानाच्या घटीस गंधकाच्या राशीने भागून संवेदनशीलता काढणे अप्रस्तुत होय, आणि तरी ही गफलत वारंवार होते.

औद्योगिक काळातील तापमानवाढीवरून केलेले अंदाजही याच कारणाने जपून वापरावे लागतात. आजवरचा भार तुलनेने लहान असून महासागर अद्याप समतोलास आलेले नाहीत. पुढील मोठ्या भारास प्रतिसाद याच प्रमाणात मिळेल, असे गृहीत धरल्यास तापमानवाढ कमी लेखली जाण्याचा संभव आहे.

उलट दिशेने कार्य करणारे एक मंद प्रतिसंभरणही आहे. उष्णता व पाऊस वाढला की बेसाल्ट अधिक वेगाने झिजतो आणि या रासायनिक क्रियेत हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड खर्ची पडतो. नाणेघाट ते भीमाशंकर या घाटमाथ्यावरील मुसळधार पावसात ही क्रिया आजही चालू आहे. मोठ्या भाराचा परिणाम तिने निस्तरण्यास लागणारा काळ लाखो वर्षांचा असतो.