स्वयम्-एनपीटेलचे ऑनलाइन अभ्यासक्रम: मोफत शिका, क्रेडिट मिळवा

- कोण शिकवतं? आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीचे प्राध्यापक.
- खर्च: नाव नोंदवणं, व्हिडिओ व्याख्यानं आणि साप्ताहिक स्वाध्याय मोफत. शुल्क फक्त परीक्षेचं. ती केंद्रावर जाऊनच द्यावी लागते.
- क्रेडिट: साधारणपणे 4 आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला 1, 8 ला 2, 12 ला 3.
- गुण: स्वाध्याय 25, परीक्षा 75. प्रमाणपत्रासाठी स्वाध्यायात किमान 10 आणि परीक्षेत 30 हवेत. 12 आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम 8 स्वाध्याय धरतात.
- मर्यादा: यूजीसीच्या 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय स्वयम्वरून घेता येतात.

नाव नोंदवण्याआधी निवडलेला विषय पदवीत धरला जाईल का, हे विभागप्रमुखांकडून लेखी घ्या.