नजरगहाण

कर्जाच्या दस्तऐवजात 'नजरगहाण' असा एक जुना शब्द येतो, आणि आपल्या व्यवहारभाषेतील शब्दांपैकी मला तो विशेष अर्थवाही वाटत आला आहे. वस्तू ऋणकोच्या ताब्यात राहते, तो ती वापरतो, चार लोकांत मिरवतो, परंतु धनकोची नजर तिच्यावरून ढळत नाही, आणि फेड थकली तर ती उचलून नेण्याचा अधिकार त्याने राखून ठेवलेला असतो, असा हा गहाणाचा प्रकार. बँकेच्या कर्जाने घेतलेली मोटार नेमकी अशी असते. तिच्या नोंदणीपुस्तकावर मालकाच्या नावाबरोबर बँकेचेही नाव चढते, आणि शेवटचा हप्ता फिटून ते नाव विधिपूर्वक उतरवून घेईपर्यंत ती गाडी बँकेच्या संमतीवाचून विकण्याची मुभा मालकाला नसते.

या शब्दाची आठवण होण्याचे कारण माझा भाचा. मूळचा वाईचा हा मुलगा चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला लागला, कर्वेनगरात दोन मित्रांबरोबर भाड्याच्या जागेत राहू लागला, आणि तिसरा पगार हाती पडताच एका रविवारी सकाळी, चहाचा कप अजून ओठांना लागला नव्हता तोच, म्हणाला, "मामा, गाडी घ्यावी म्हणतोय. हप्ता बसतोय माझ्या पगारात." हाती येणारा पगार ४२ हजार, हप्ता साडेबारा हजार, बसतो हे खरेच. मात्र मराठीत 'बसणे' या क्रियापदाला मावणे हा एकच अर्थ नाही, आणि आधी पगारात बसलेला हप्ता पुढे कोठे जाऊन बसतो, हे त्या वयात कोणी सांगून पटत नाही. म्हणून मी उपदेश न करता त्याच्याबरोबर गाडी पाहायलाच गेलो.

दालन काचेचे होते. एका कोपऱ्यात लाल साटिनच्या कापडाखाली झाकलेली एक गाडी, तिच्यापुढे नारळ, हार आणि पेढ्यांचा खोका, आणि बाजूला एक कुटुंब नव्या कपड्यांत छायाचित्रासाठी उभे. विक्रेता तरुण, नम्र आणि आपल्या कामात निष्णात होता. गाडीची किंमत साडेसहा लाख, तिच्यावरचा रस्ता-कर, विमा, नोंदणी वगैरे धरून साडेसात लाखांच्या पुढे जाणारा आकडा त्याने कागदावर बारीक अक्षरात लिहिला, आणि लगेच कॅल्क्युलेटर आमच्याकडे वळवून विचारले, "साहेब, महिन्याला किती जमेल?" या एका प्रश्नात त्या सगळ्या व्यवसायाचे मर्म आहे. गाडी केवढ्याला पडते हा विषय तेथे संपतो आणि महिन्याला केवढ्याला पडते हा सुरू होतो. भाचा जरा घुटमळला तेव्हा विक्रेत्याने पाच वर्षांच्या जागी सात वर्षे घातली, आणि हप्ता जादू केल्यासारखा दहा हजारांच्या खाली आला.

ही जादू घरी येऊन आम्ही वीजबिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर उलगडली. सहा लाखांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे १२,६०० रुपये येतो आणि एकूण व्याज १ लाख ५६ हजारांच्या घरात जाते. तेच कर्ज सात वर्षांत फेडले तर हप्ता ९,८०० होतो, पण व्याज २ लाख २४ हजारांच्या आसपास पोचते. म्हणजे महिन्याच्या अठ्ठावीसशे रुपयांच्या सवलतीसाठी ६८ हजार रुपये मोजायचे. दुसरी एक गफलत याहून सूक्ष्म असते. एखादा सावकारी पेढीचा मनुष्य 'फ्लॅट सहा टक्के' म्हणतो तेव्हा ते व्याज उरलेल्या मुद्दलावर नसून आरंभीच्या पूर्ण मुद्दलावर, सगळ्या मुदतीचे, आकारलेले असते. सहा लाखांवर पाच वर्षांचे असे व्याज १ लाख ८० हजार, हप्ता १३,००० रुपये. अर्थात सहा टक्क्यांचे हे स्वस्त कर्ज साडेनऊ टक्क्यांच्या कर्जाहून महाग, आणि घटत्या शिल्लकेच्या पद्धतीने मोजले तर पावणेअकरा टक्क्यांच्याही किंचित वर जाणारे असते. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाबरोबर मुख्य अटींचे व सर्व खर्चांसह पडणाऱ्या वार्षिक दराचे एक स्वतंत्र पत्रक देणे धनकोंवर बंधनकारक केले आहे. ते सही करण्यापूर्वी मागून घ्यावे. मुदतीपूर्वी कर्ज फेडल्यास दंड किती, हेही त्याच वेळी विचारावे, कारण मोटारीची कर्जे बहुधा स्थिर दराची असतात आणि त्यांवर असा आकार लावलेला आढळतो.

परंतु हप्ता हा मोटारीचा केवळ दर्शनी खर्च. कर्वेनगर ते चाकण जाऊन-येऊन सुमारे ७० किलोमीटर धरले, महिन्याचे २४ दिवस धरले, आणि भोसरी-मोशीच्या कोंडीत रोज सरपटणारी गाडी लिटरला १५ किलोमीटर देते असे औदार्याने मानले, तर ११२ लिटर पेट्रोल लागते. लिटरला शंभरच रुपये लावले तरी ११,२०० रुपये झाले. म्हणजे बँकेच्या हप्त्याशेजारी पेट्रोलपंपाचा जवळजवळ तेवढाच दुसरा हप्ता उभा राहतो, आणि त्याची मुदत पाच वर्षांनी संपत नाही. त्यात विमा, सर्व्हिसिंग, टायरांची तजवीज आणि सोसायटीतील पार्किंगचे भाडे मिळून अडीच हजार घातले की ४२ हजारांतील २६ हजार गेले. जागेचे भाडे, डबा आणि वाईला पाठवायचे पैसे उरलेल्या सोळांत. हा हिशेब मांडला जात असताना भाचा एकदाच बोलला : "कंपनीची बस कर्वे पुतळ्यापाशी येते, पण सहा पाचला." पाच मिनिटांच्या आत स्वतःची अडचण इतक्या प्रामाणिकपणे सांगणारा मुलगा मला आवडला. त्याला गाडी चाकणला जाण्यासाठी नको होती. पहाटे साडेपाचला उठायचे नव्हते, आणि आईवडिलांना वाईहून गाडीत बसवून आणायचे होते. यातली दुसरी इच्छा हसण्यासारखी नाही. मात्र वर्षातून आठ वेळा होणाऱ्या त्या प्रवासासाठी भाड्याची गाडी उत्तम मिळते.

आणखी एक गोष्ट लोक सहसा पाहत नाहीत, ती म्हणजे गाडीची किंमत आणि कर्जाची शिल्लक यांची शर्यत. विम्याच्या रूढ कोष्टकाप्रमाणे मोटारीची विमाकिंमत दुसऱ्या वर्षी वीस टक्के, तिसऱ्या वर्षी तीस, चौथ्या वर्षी चाळीस टक्के घटलेली धरतात. साडेसहा लाखांच्या गाडीची किंमत दुसऱ्या वर्षाच्या आरंभी ५ लाख २० हजार मानली जाईल. सात वर्षांच्या कर्जाची शिल्लक त्या दिवशी ५ लाख ३६ हजारांहून अधिक असेल. गाडी त्या सुमारास चोरीला गेली किंवा अपघातात पूर्ण नष्ट झाली, तर भरपाईची सारी रक्कम नजरगहाणाच्या न्यायाने बँकेकडे जाईल, वरचे सोळा हजार मालक आपल्या खिशातून भरील, आणि पदरचे दीड लाख आरंभी घातले होते ते निराळेच.

मी नोकरीला लागलो तेव्हा हा प्रसंग येत नसे, याचे श्रेय आमच्या शहाणपणाला नसून टंचाईला होते. चेतक स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचे ते दिवस, आणि मोटार मिळाली तरी घेणार कशाने? मी जुनी स्कूटर घेतली ती आमच्या कचेरीतील पगारदारांच्या सहकारी पतपेढीतून कर्ज काढून, आणि त्यासाठी दोन सहकाऱ्यांच्या जामीनदार म्हणून सह्या लागल्या. या सह्या मिळवणे हे मोठे संकोचाचे काम होते. त्यांतील एकाने सही करण्यापूर्वी टेबलावरचे चष्म्याचे घर उघडले, चष्मा लावला, अर्ज शेवटपर्यंत वाचला, आणि म्हणाला, "स्कूटर कशाला? तुझं घर चालत वीस मिनिटांवर आहे." सही त्याने केली, पण तो प्रश्न फेड होईपर्यंत माझ्या मागे राहिला. आज भाच्याला पूर्वमंजूर कर्जाचा संदेश भ्रमणध्वनीवर आपण होऊन आला होता, जामीनदार कोणी नव्हता, आणि चष्मा लावून प्रश्न विचारणाराही नव्हता. १८७५ साली सुपे येथे आणि पुणे-नगर जिल्ह्यांतील इतर गावी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले तेव्हा त्यांना हवे होते ते कर्जरोखे. कागदात केवढी सत्ता असते हे त्या निरक्षर माणसांना पुरते ठाऊक होते. आपली पिढी शिकलेली असून कागद न वाचताच चार आकडी ओटीपी टाकते.

माझा कर्जालाच विरोध आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. घरोघर जाऊन रुग्णांना उपचार देणारी भौतिकोपचारतज्ज्ञ, तालुक्यातालुक्यांत हिंडणारा औषधविक्रेत्या कंपनीचा प्रतिनिधी, मध्यरात्री पाळी संपणारी आणि बस नसणारी परिचारिका, यांची मोटार ही सुताराच्या रंध्यासारखी आहे. तिचा हप्ता ती स्वतः कमावते किंवा निदान नोकरी टिकवते. अशांनी मुदत थोडी ठेवून खुशाल कर्ज घ्यावे. नोकरीच्या पहिल्या चारपाच वर्षांतील सामान्य पगारदाराची गोष्ट निराळी, कारण त्याची खरी मिळकत पगार नसून हालचालीची मोकळीक असते. वरिष्ठाशी पटेना म्हणून राजीनामा देणे, कमी पगाराची पण शिकवणारी नोकरी धरणे, वर्षभर रजा घेऊन पुढची परीक्षा देणे, हे सारे त्याच वयात शक्य असते. आणि महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून आपोआप कापली जाणारी रक्कम या सगळ्यांना एकच उत्तर देते. एखादा हप्ता चुकला तर त्याची नोंद पतमाहिती कंपन्यांच्या दप्तरी जाते आणि उद्या घरासाठी कर्ज मागताना ती समोर येते, हे वेगळेच.

भाच्याला मी नाही म्हटले नाही. एवढेच सुचवले की गाडी घेतलीच आहे असे समजून सहा महिने आवर्ती ठेवीत १२,६०० रुपये भरून पाहा, आणि पेट्रोलचे पैसेही बाजूला टाक. तीन महिने त्याने नेमाने भरले. चौथ्या महिन्यात घरमालकाने अनामत वाढवून मागितली, त्याच सुमारास वाईला वडिलांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, आणि पासबुकावर त्या महिन्याची ओळ कोरी राहिली. ते पासबुक माझ्यापुढे ठेवून तो म्हणाला, "बँकेला नसतं सांगता आलं, ना?"

सध्या तो सहा पाचची बस पकडतो. गेल्या रविवारी मात्र हडपसरला सहा वर्षांची एक जुनी छोटी गाडी पाहून आला. साठलेले पैसे घालून कर्ज फारतर दीड लाखाचे, तेही दोन वर्षांत फिटेल असे, आणि ती चाकणला न्यायची नाही असे त्याचे त्यानेच ठरवले आहे. मी त्याला एवढेच सांगितले की इंजिन पुढच्या रविवारी मेकॅनिकला दाखवू, तू आधी नोंदणीपुस्तक माग, आणि पहिल्या मालकाच्या बँकेचे नाव त्यावरून उतरले आहे की नाही, पस्तीस नंबरचा फॉर्म आणि बँकेचा ना-हरकत दाखला आरटीओत दाखल झाला आहे की नाही, ते पाहून ये.