राष्ट्रीय उद्यानाजवळ डोंगरात घर आहे? होमस्टे सुरू करण्यापूर्वी हे जाणून घ्या

तुमचे गाव डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे. जवळचे शहर लांब आहे, शेती पावसावर किंवा बर्फावर अवलंबून आहे आणि दरवर्षी काही पर्यटक तुमच्या दारावरून पुढे निघून जातात. त्यांना तुमच्याच घरात मुक्कामाला ठेवता येईल का? त्यासाठी सरकारी मदत मिळते का? मिळाली तर ती परत करावी लागते का? या लेखात या प्रश्नांची उत्तरे सोप्या भाषेत दिली आहेत. कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी लेख पूर्ण वाचा आणि घरातल्या सर्वांना वाचून दाखवा.

होमस्टे म्हणजे काय?

होमस्टे म्हणजे हॉटेल नव्हे. तुम्ही ज्या घरात राहता, त्याच घरातल्या एक-दोन खोल्या पाहुण्यांना पैसे घेऊन राहायला देणे म्हणजे होमस्टे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या नियमांनुसार मालकाचे कुटुंब त्याच घरात राहत असले पाहिजे. भाड्याने देण्याच्या खोल्या १ ते ६ पर्यंत असू शकतात आणि त्यांत जास्तीत जास्त १२ खाटा ठेवता येतात. सोयींनुसार 'सुवर्ण' किंवा 'रौप्य' असा दर्जा दिला जातो. अनेक राज्यांचे स्वतःचे होमस्टे नियमही आहेत. तुमच्या राज्यात कोणता नियम लागू आहे, हे जिल्हा पर्यटन कार्यालयात विचारा.

कोणती मदत मिळू शकते?

मदत दोन प्रकारची असते, अनुदान आणि कर्ज. या दोन्हींतला फरक नीट समजून घ्या. अनुदान ठरलेल्या कामासाठी वापरले तर ते परत करावे लागत नाही. कर्ज मात्र पाहुणे आले किंवा न आले तरी फेडावेच लागते.

१. आदिवासी होमस्टे (अनुदान)

'धरती आबा जनजातीय ग्राम उत्कर्ष अभियान' २ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाले. यात १७ मंत्रालये मिळून ६३,००० हून अधिक आदिवासी गावांत काम करत आहेत. या अभियानातच पर्यटन मंत्रालयाच्या 'स्वदेश दर्शन' योजनेतून आदिवासी भागांत १,००० होमस्टे उभे करण्याची तरतूद आहे. मदत अशी आहे:

- दोन नवीन खोल्या बांधण्यासाठी प्रत्येक कुटुंबाला ५ लाख रुपयांपर्यंत
- असलेल्या खोल्यांच्या दुरुस्तीसाठी प्रत्येक कुटुंबाला ३ लाख रुपयांपर्यंत
- गावाच्या सामाईक गरजांसाठी ५ लाख रुपयांपर्यंत

पर्यटनाला वाव असलेल्या एका गावात ५ ते १० होमस्टे, असा हिशेब आहे. म्हणजे ही योजना गावावर आधारित आहे. तुमचे एकट्याचे घर कितीही चांगले असले, तरी गाव निवडले गेलेले नसेल तर हे अनुदान मिळणार नाही. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: "आमचे गाव यादीत आहे का?" हा प्रश्न ग्रामपंचायत, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय किंवा जिल्हा पर्यटन कार्यालय यांना विचारता येतो.

२. मुद्रा कर्ज

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात होमस्टेसाठी मुद्रा कर्ज देण्याची घोषणा झाली. मुद्रा कर्जाचे प्रकार असे आहेत: 'शिशु' ५०,००० रुपयांपर्यंत, 'किशोर' ५ लाखांपर्यंत, 'तरुण' १० लाखांपर्यंत. 'तरुण' कर्ज घेऊन ते पूर्ण फेडलेल्यांसाठी 'तरुण प्लस' २० लाखांपर्यंत आहे. या कर्जासाठी जमीन किंवा दागिने तारण ठेवावे लागत नाहीत. वनहक्क कायदा, २००६ खाली मिळालेला पट्टा वारसाला मिळतो, पण तो विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. अशा कुटुंबांना बिनतारण कर्जाचा विशेष उपयोग होतो.

३. महाराष्ट्रातील महिलांसाठी

महाराष्ट्राच्या 'आई' पर्यटन धोरणात महिलेच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायासाठी १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याज १२ टक्क्यांच्या मर्यादेत परत मिळते. ही सवलत ७ वर्षे किंवा एकूण ४.५ लाख रुपये, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत आहे. हप्ते वेळेवर भरणे आवश्यक आहे. सातपुड्यातल्या गुगामल राष्ट्रीय उद्यानाच्या, म्हणजे मेळघाटच्या, परिसरातील महिलांनी पर्यटन संचालनालयाच्या कार्यालयात याची चौकशी जरूर करावी.

कर्ज घेण्यापूर्वी हा हिशेब करा

खालील आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. तुमच्या बँकेचा व्याजदर आणि तुमच्या गावातले भाडे घालून पुन्हा हिशेब करा.

समजा तुम्ही ३ लाख रुपये ११ टक्के व्याजाने ५ वर्षांसाठी घेतले. महिन्याचा हप्ता सुमारे ६,५२० रुपये येतो. वर्षाला ते सुमारे ७८,३०० रुपये होतात. एका पाहुण्याच्या एका रात्रीमागे जेवण, लाकूडफाटा, गॅस, साबण, धुलाई असा सगळा खर्च वजा जाता ६०० रुपये उरतात असे धरा. मग फक्त हप्ता भरण्यासाठी वर्षाला सुमारे १३१ मुक्काम लागतील. दोघे-दोघे पाहुणे आले, तरी ६५-६६ रात्री खोली भरलेली हवी.

आता तुमच्या उद्यानाचा हंगाम पाहा. मध्य भारतातली अनेक उद्याने पावसाळ्यात पर्यटकांसाठी बंद असतात. हिमालयात बर्फाने रस्ते बंद होतात. समजा हंगाम १२० दिवसांचाच आहे. मग निम्म्याहून अधिक रात्री पाहुणे आले तरच हप्ता निघेल, आणि त्यानंतरच्या पाहुण्यांपासून घरात पैसा येऊ लागेल. पहिल्याच वर्षी इतके पाहुणे येतील असे धरून चालू नका. म्हणून सुरुवात एका खोलीने करा. आहे ती खोली दुरुस्त करा, शौचालय चांगले करा आणि एक हंगाम पाहून मग पुढचे ठरवा.

लडाखमधील गावांकडून काय शिकता येईल?

लडाखमधील हेमिस राष्ट्रीय उद्यान १९८१ मध्ये स्थापन झाले. सुमारे ४,४०० चौरस किलोमीटरचे हे उद्यान हिमबिबट्यासाठी प्रसिद्ध आहे. उद्यानाच्या आतही गावे आहेत. रुंबक हे त्यांपैकी एक, सुमारे ४,००० मीटर उंचीवरचे. इथला मेंढपाळ आणि हिमबिबट्या यांचे जुने वैर होते. हिमबिबट्या रात्री वाड्यात शिरला की एका रात्रीत अनेक मेंढ्या मारून जाई, आणि चिडलेले लोक त्याला मारत.

२००० नंतरच्या वर्षांत लेहमधील एका संवर्धन संस्थेच्या मदतीने गावकऱ्यांनी दोन गोष्टी केल्या. मेंढ्यांचे वाडे वरून जाळीने बंद केले आणि घरातली एक खोली पाहुण्यांना देणे सुरू केले. पाहुणे येतात ते हिमबिबट्या पाहायला. त्यामुळे ज्या प्राण्यामुळे नुकसान होई, त्याच्यामुळेच घरात पैसा येऊ लागला. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या देशव्यापी गणनेत भारतात ७१८ हिमबिबटे असल्याचा अंदाज आला. त्यांपैकी ४७७ लडाखमध्ये आहेत.

यातली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे पाळी. पाहुणे घरांमध्ये पाळीपाळीने वाटून दिले जातात. रस्त्याकडेच्या घरालाच सगळे पाहुणे आणि वरच्या आळीला काहीच नाही, असे झाले की गावात भांडणे लागतात. तुमच्या गावातही पहिला पाहुणा येण्यापूर्वीच पाळी आणि दर ठरवून ग्रामसभेच्या वहीत लिहून ठेवा.

जागेचे आणि जंगलाचे नियम

- बहुतेक राष्ट्रीय उद्यानांभोवती 'पर्यावरण संवेदनशील क्षेत्र' जाहीर झालेले असते. अशा अनेक अधिसूचनांत उद्यानाच्या हद्दीपासून १ किलोमीटरच्या आत नवीन व्यावसायिक हॉटेल किंवा रिसॉर्टला परवानगी नसते. स्थानिक रहिवाशांना स्वतःच्या जमिनीवर राहण्यासाठी बांधकामाची मुभा असते. नवीन खोली पाहुण्यांसाठी चालेल का, हे तुमच्या उद्यानाच्या अधिसूचनेनुसार वन विभागाकडून लेखी घ्या आणि मगच पाया खणा.
- वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार उद्यानात शिरण्यासाठी परवाना लागतो. "मागच्या वाटेने नेतो" असे पाहुण्याला कधीही सांगू नका. पकडले गेल्यास गुन्हा तुमच्यावरही दाखल होऊ शकतो.
- पाहुण्याला प्राणी दिसावा म्हणून मांस किंवा खाणे बाहेर टाकू नका. उष्टे-खरकटे झाकून ठेवा. अस्वल, बिबट्या किंवा रानडुक्कर एकदा घराकडे यायला लागले, तर त्याचा त्रास सगळ्या गावाला होतो.

पाहुण्याला नेमके काय लागते?

शहरातला पाहुणा दूरच्या डोंगरात येतो तो झगमगाटासाठी नव्हे. त्याला स्वच्छ शौचालय, कोरडे व धुतलेले अंथरूण-पांघरूण, गरम पाणी, दाराला आतून कडी आणि तुम्ही रोज जेवता तेच ताजे जेवण हवे असते. त्यासोबत त्याला खरी माहितीही हवी असते. वीज कधी जाते, मोबाइलला रेंज कुठे मिळते, शेवटची बस किती वाजता, चालत यायला किती वेळ लागतो, हे आधीच सांगा. "सगळे आहे" असे सांगून नाराज पाहुणा परत पाठवण्यापेक्षा "रेंज नाही" असे आधीच सांगणे चांगले.

सुरक्षिततेसाठी तीन गोष्टी कटाक्षाने पाळा:

१. बंद खोलीत कोळशाची किंवा लाकडाची शेगडी रात्रभर ठेवू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपेतच जीव जाऊ शकतो.
२. उंच भागात पाहुण्याला पहिले एक-दोन दिवस आराम करायला सांगा. डोकेदुखी, उलटी, चक्कर वाढत असेल किंवा धाप लागत असेल तर त्याला आणखी वर जाऊ देऊ नका. लवकरात लवकर खाली आणून डॉक्टरांना दाखवा.
३. प्रत्येक पाहुण्याचे ओळखपत्र पाहून वहीत नोंद करा. पाहुणा परदेशी असेल तर त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन भरावी लागते.

घरातले काम कोण करणार?

हा प्रश्न अर्जात विचारला जात नाही, पण तो घरात विचारलाच पाहिजे. पाहुणा आला की पहाटे पाणी तापवणे, दोन वेळचा स्वयंपाक, चादरी धुणे ही कामे बहुधा घरातल्या बाईवर पडतात. शेती, गुरे आणि मुले तिच्याकडे आधीच असतात. होमस्टेचे पैसे तिच्या खात्यात जमा होतील का? मुलांची अभ्यासाची खोली पाहुण्यांना दिली, तर मुले बसतील कुठे? हे घरात बसून ठरवा. बचत गट असेल तर धुलाई, भाजी, वाटाड्या अशी कामे वाटून घेता येतात.

लागणारी कागदपत्रे

योजनेनुसार यादी बदलते. सामान्यतः ही कागदपत्रे मागितली जातात:

- आधार कार्ड आणि बँक पासबुक
- अनुसूचित जमातीचा दाखला (आदिवासी होमस्टेसाठी)
- घर किंवा जमिनीचा पुरावा, उदा. सातबारा, घरपट्टी, वनहक्क पट्टा
- ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला
- घराचे व खोल्यांचे फोटो
- जेवण देणार असाल तर अन्न सुरक्षा नोंदणी

सावध राहा

- "गाव यादीत घालतो, आधी पैसे द्या" असे सांगणाऱ्या दलालाला पैसे देऊ नका. त्याचे नाव ग्रामसभेत सांगा.
- बाहेरचा व्यावसायिक तुमच्या नावावर अनुदान घेऊन घर चालवायला मागत असेल तर नकार द्या. अशा करारात घर तुमचे राहते, पण कमाई त्याची होते आणि चौकशी आली तर तुमची होते.
- कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. प्रत्येक अर्जाची पोच घ्या.

आता काय करावे?

या आठवड्यात ग्रामपंचायतीत जाऊन गाव यादीत आहे का ते विचारा. यादीत नसेल तर गावातील इच्छुक कुटुंबांची नावे एकत्र करून पुढच्या ग्रामसभेत विषय मांडा आणि ठरावाची प्रत जिल्हा पर्यटन कार्यालयात द्या. पर्यटनविषयक माहितीसाठी १३६३ या क्रमांकावर विनामूल्य फोन करता येतो. आपत्कालीन मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक पाहुण्यांच्या खोलीत भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.